भाभा प्रकीर्णन आणि टक्करयंत्रांतील मापाचा प्रश्न

होमी जहांगीर भाभा ह्यांचे नाव महाराष्ट्रात घेतले जाते ते बहुधा दोन वास्तूंच्या संदर्भात. एक तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र, ज्याला त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. दुसरी कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था. संस्थापक आणि संघटक म्हणून त्यांची थोरवी वादातीत आहे. परंतु मूलकणांच्या प्रयोगशाळांत त्यांचे नाव रोज उच्चारले जाते, ते ह्या दोहोंपैकी कोणत्याही कारणाने नव्हे. तेथे ‘भाभा’ हे सामान्यनाम झाले आहे. एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन एकमेकांवरून घसरून दूर गेले, की त्या घटनेला तेथील संशोधक नुसते ‘भाभा’ म्हणतात. ‘आज इतके भाभा मोजले’ असे बोलतात. विशेषनामाचे सामान्यनाम होणे भाषेला नवीन नाही. शिवाजी महाराजांच्या नावावरून तांब्याच्या नाण्याला ‘शिवराई’ म्हणू लागले, तो ह्याच जातीचा व्यवहार. मराठीपुरती एक सोय अशी, की काका, मामा, दादा ह्या शब्दांप्रमाणे ‘भाभा’चेही अनेकवचन करताना शब्दात फरक पडत नाही.

हे सामान्यनाम रूढ झाले, ते केवळ आदरापोटी नव्हे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन ह्यांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रांत जे काही मोजावयाचे, ते ज्या मापाने मोजावयाचे, ते माप म्हणजे भाभा प्रकीर्णन. त्या मापाच्या सुमारे नव्वद वर्षांच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे, की ज्यात निसर्गात काही उणे आहे की मापात, ह्याचा निर्णय लागण्यास तेरा वर्षे लागली.

प्रारंभ केंब्रिजचा. भाभा १९२७ मध्ये तेथे गेले ते अभियांत्रिकी शिकावयास. १९३० मध्ये ती परीक्षा देऊन ते गणिताकडे व सैद्धांतिक भौतिकीकडे वळले. त्या सुमारास डिरॅक ह्यांच्या समीकरणाने एक चमत्कारिक पेच उभा केला होता. ते समीकरण ऋण ऊर्जेच्या अवस्था मान्य करावयास लावी. डिरॅक ह्यांनी असे सुचविले, की ह्या सर्व अवस्था इलेक्ट्रॉनांनी आधीच भरलेल्या आहेत आणि त्यांतील एखादी रिकामी झाली, तर ती पोकळी धन विद्युत्भाराच्या कणासारखी वागेल. १९३२ मध्ये अँडरसन ह्यांना विश्वकिरणांत असा कण प्रत्यक्ष सापडला, तोच पॉझिट्रॉन. त्याच वर्षी मोलर ह्यांनी इलेक्ट्रॉनावर इलेक्ट्रॉन आदळला असता काय होते ह्याचे गणित मांडले होते. दोन्ही कण एकाच जातीचे असल्यामुळे कोणता कोठून आला हे सांगता येत नाही, आणि ही अदलाबदल गणितात धरावी लागते.

भाभांनी विचारलेला प्रश्न वरवर पाहता साधा होता. इलेक्ट्रॉनावर पॉझिट्रॉन आदळला तर? पॉझिट्रॉन हा स्वतंत्र जातीचा कण मानला, तर अदलाबदलीचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु तो जर इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या साठ्यातील पोकळी असेल, तर मूळ वस्तू दोन्हीकडे इलेक्ट्रॉनच होय, आणि अदलाबदल धरलीच पाहिजे. आजच्या परिभाषेत सांगावयाचे, तर ही घटना दोन वाटांनी घडू शकते. दोन कण एका फोटॉनाची देवघेव करून एकमेकांस बाजूला सारतील, किंवा दोघेही परस्परांत नाश पावून त्या ऊर्जेतून नवी जोडी जन्मास येईल. बाहेर पडलेली जोडी पाहून ती कोणत्या वाटेने आली हे ओळखता येत नाही. म्हणून दोन्ही वाटांचा एकत्र हिशेब करावा लागतो. हे गणित भाभांनी १९३५ मध्ये पूर्ण केले आणि ते १९३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाले. त्या वेळी भाभा सव्वीस वर्षांचे होते. दुसऱ्या वाटेचा परिणाम दुर्लक्षणीय नाही, हा त्यातील मुख्य निष्कर्ष. प्रबंधाचा हेतू तत्त्वाचा होता: डिरॅक ह्यांची पोकळीची कल्पना खरी की खोटी, ह्याची एक कसोटी पुरविणे. पुढे हे सूत्र तराजूच्या जागी बसेल, अशी अपेक्षा बाळगण्यास तेव्हा कोणालाच आधार नव्हता. पॉझिट्रॉन मिळत ते विश्वकिरणांतून किंवा किरणोत्सर्गी पदार्थांतून, तेही तुरळक.

भाभांचे स्वतःचे लक्षही लवकरच अन्यत्र गेले. १९३७ मध्ये हाइट्लर ह्यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले असता महायुद्ध सुरू झाले आणि ते येथेच राहिले. प्रथम बंगलोर, आणि १९४५ नंतर मुंबई. टाटा संस्थेची परंपरा विश्वकिरणांच्या निरीक्षणातून घडली. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद झाली, ती ह्याच परंपरेचे फळ. त्या प्रयोगात ओसाका व डरहॅम येथील संशोधक सहभागी होते. ज्या देशाजवळ महायंत्र उभारण्याइतका पैसा नव्हता, त्याने आकाशातून फुकट येणारे कण आणि सोन्याच्या शोधात आधीच खणलेली खोल विवरे वापरली, ह्यात व्यवहारज्ञान होते.

दरम्यान इटलीतील फ्रास्काती येथे १९६१ मध्ये ब्रुनो टाउशेक ह्यांच्या कल्पनेवरून ‘आडा’ नावाचे छोटे कडे तयार झाले. त्यात इलेक्ट्रॉन एका दिशेने व पॉझिट्रॉन उलट दिशेने एकाच नळीतून फिरत. आता पॉझिट्रॉन तुरळक राहिले नाहीत आणि भाभांचे सूत्र कागदावरून कामावर आले.

त्याचे काम कोणते, हे समजण्यासाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकास फार दूर जावे लागत नाही. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री ताडोब्यासारख्या वनात पाणवठ्यांजवळ मचाणांवर बसून पाण्यावर येणारी जनावरे मोजण्याची प्रथा आहे. एका मचाणावर चाळीस चितळ दिसले व दुसऱ्यावर दहा, एवढ्यावरून पहिल्या भागात चितळ चौपट आहेत असे म्हणता येत नाही. पहिला पाणवठा आटलेल्या रानातील एकुलता एक असेल. दुसरीकडे हाकेच्या अंतरावर तीन बोड्या भरलेल्या असतील. मोजलेली संख्या दोन गोष्टींचा गुणाकार असते: वस्तू किती विपुल आहे आणि ती दिसण्याची संधी किती मिळाली. टक्करयंत्रातही हेच. घडलेल्या घटनांची संख्या मोजता येते. तिला टकरींच्या संधीने भागले, म्हणजे निसर्गाचा स्वतःचा आकडा हाती येतो. त्या आकड्याला ‘काटछेद’ म्हणतात, आणि संधीच्या मापाला ‘दीप्ती’.

हे दोन्ही शब्द थोडे विचित्रच आहेत. ‘दीप्ती’ ज्योतिषातून आली. टक्करयंत्रात प्रकाशाशी तिचा संबंध नाही. काटछेद हे क्षेत्रफळ होय, जणू प्रत्येक कण एक लहानसे लक्ष्य आहे आणि त्याचा पसारा आपण मोजतो. ह्या क्षेत्रफळाच्या एककाचे नाव ‘बार्न’, म्हणजे इंग्रजीत शेतकऱ्याचे कोठार. १९४२ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात दोघा भौतिकीविदांनी थट्टेने ते सुचविले. अणुगर्भाच्या मानाने हे क्षेत्रफळ कोठाराएवढे मोठे म्हणून. एका चौरस सेंटिमीटरचे दशलक्ष भाग करावे, त्यांतील एकाचे पुन्हा दशलक्ष, असे एकूण चार वेळा केल्यावर उरेल तो एक बार्न. परिभाषा समित्यांनी ह्या शब्दाचे संस्कृतीकरण केले नाही, हे बरे झाले.

दीप्ती मोजावी कशी? दोन्ही बाजूंच्या पुंजक्यांत किती कण आहेत आणि टकरीच्या जागी ते किती दाट झाले आहेत, हे मोजून गणिताने ती काढता येते. प्रोटॉनांच्या यंत्रांत आजही मूलतः हाच मार्ग आहे. दोन शलाका एकमेकींवरून हळूहळू सरकवून टकरींचे प्रमाण पाहण्याची ती रीत व्हान डर मीर ह्यांनी १९६८ मध्ये सुचविली. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांच्या बाबतीत मात्र अधिक चांगला उपाय उपलब्ध आहे. ज्या घटनेचा काटछेद आपल्याला गणिताने आधीच पक्का ठाऊक आहे अशी एक घटना घ्यावी, ती किती वेळा घडली ते मोजावे, आणि त्यावरून संधी किती मिळाली हे उलट काढावे. लहान कोनांतून होणारे भाभा प्रकीर्णन ह्यासाठी जणू घडविलेले आहे. ते विपुल असते, आणि लहान कोनात त्यावर फोटॉनाच्या देवघेवीचेच राज्य असते. भाभांनी ज्या दुसऱ्या वाटेसाठी प्रबंध लिहिला, तिचा वाटा तेथे अगदी थोडा. गंमत म्हणजे, मापाला स्थैर्य मिळते ते ह्याच कारणाने: जे अज्ञात मोजावयाचे आहे, त्याची सावली मापावर पडत नाही.

ह्या रीतीची खरी परीक्षा झाली ती जिनीव्हाजवळ. सर्न ह्या युरोपीय संस्थेने जमिनीखाली सुमारे २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात ‘लेप’ नावाचे यंत्र बसविले. त्यात पहिल्या टकरी ऑगस्ट १९८९ मध्ये झाल्या. (भाभांचा अंत २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर झाला, तेव्हा त्यांचे विमान ह्याच जिनीव्हाकडे उतरत होते.) यंत्रावर चार प्रयोग होते: अॅलेफ, डेल्फी, एल-३ आणि ओपल. एल-३ मध्ये टाटा संस्थेचे संशोधक सहभागी होते, आणि भारत-सर्न सहकार्याचा करार १९९१ मध्ये झाला. यंत्राची ऊर्जा पहिली काही वर्षे अशी ठेवली होती, की दोन कणांच्या नाशातून झेड नावाचा जड कण जन्मावा. चारही प्रयोगांनी मिळून १९९५ पर्यंत असे सुमारे १ कोटी ७० लक्ष झेड नोंदविले.

झेडवर एवढा भर देण्याचे कारण असे. तो जन्मतःच फुटतो आणि त्याच्या तुकड्यांत न्यूट्रिनोही असतात. न्यूट्रिनो अभिज्ञातकातून कोणताही माग न ठेवता निघून जातो. तथापि तो न दिसताही मोजता येतो. कारण न दिसणाऱ्या वाटा जितक्या अधिक, तितक्या दिसणाऱ्या घटना कमी. हलक्या न्यूट्रिनोंच्या तीन जातींऐवजी चार असत्या, तर शिखरावरील दृश्य काटछेद सुमारे तेरा टक्क्यांनी खाली आला असता. म्हणून त्या शिखराची उंची नेमकी मोजली, की सृष्टीत न्यूट्रिनोंच्या, आणि बहुधा त्यांच्यासह सर्व द्रव्यकणांच्या, पिढ्या किती हे सांगता येते. १९८९ च्या ऑक्टोबरमध्येच, म्हणजे यंत्र सुरू झाल्यावर काही आठवड्यांत, उत्तर तीन असल्याचे दिसू लागले. उरला तो दशांश चिन्हाच्या पुढचा भाग.

आणि तेथे सर्व भार मापावर आला. पूर्व विदर्भातील भाताच्या मुलखात पायली अजून विस्मरणात गेलेली नाही. पायलीचा काठ थोडा आत दबलेला असेल, तर तिने मोजलेली प्रत्येक रास तेवढ्याच प्रमाणात चुकते, आणि मोजणारा कितीही प्रामाणिक असला तरी पुन्हा पुन्हा मोजून ती चूक उघडकीस येत नाही. भाभा प्रकीर्णनाची पायलीही काठाच्या बाबतीत फार नाजूक आहे. कोन जसजसा लहान होतो, तसतशी घटनांची संख्या त्याच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते; म्हणून जवळजवळ सगळी रास आतल्या काठाशीच जमा होते. हा अभिज्ञातक टकरीच्या बिंदूपासून सुमारे अडीच मीटरवर, शलाकेच्या नळीला वेढून बसविलेला असतो. त्याच्या आतल्या काठाची त्रिज्या सहा सेंटिमीटर धरली आणि ती ठरविण्यात अवघी ३० मायक्रोमीटरची चूक झाली, म्हणजे एका केसाच्या निम्म्याहूनही कमी, तर दीप्तीत एक सहस्रांशाची चूक होते. ओपलच्या मंडळींनी सिलिकॉन व टंगस्टनचे थर रचून प्रयोगाच्या बाजूची ही अनिश्चिती ०.०३४ टक्क्यांपर्यंत खाली आणली. कण मोजणाऱ्यांचे कौशल्य शेवटी सुताराच्या व घड्याळजीच्या कौशल्याला जाऊन मिळते, ते येथे.

दुसरी बाजू गणिताची. भाभांचे १९३६ चे सूत्र हा केवळ पहिला अंदाज; टकरीच्या वेळी कण जे फोटॉन बाहेर टाकतात, त्यांचा हिशेब धरल्याशिवाय सहस्रांशाची गोष्ट बोलता येत नाही. पोलंडमधील क्राकूव्हचे यादाख आणि त्यांचे सहकारी ह्यांनी अनेक वर्षे खपून हे गणित संगणकावर बसविले आणि शतकाच्या अखेरीस त्यातील अनिश्चिती ०.०६१ टक्क्यांवर आणली. मुंबईत जन्मलेल्या माणसाचे केंब्रिजमध्ये केलेले गणित क्राकूव्हमध्ये तपासले जाऊन जिनीव्हात वापरले गेले. त्यास कोणत्या देशाचे म्हणावे, हा प्रश्न निरर्थक आहे.

यंत्राची ऊर्जा मोजण्याची कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. चंद्राच्या ओढीने भूकवच उचलले गेले, की सत्तावीस किलोमीटरचा परिघ सुमारे एक मिलिमीटरने बदले आणि ऊर्जेत फरक पडे. जिनीव्हाहून सुटणाऱ्या वेगवान आगगाड्यांचा जमिनीत झिरपणारा विद्युत्प्रवाहही नोंदीत दिसे. हे सर्व वजा करून झेडचे वस्तुमान लाखात दोन-तीन भागांइतक्या अचूकतेने निश्चित झाले.

यंत्र नोव्हेंबर २००० मध्ये बंद झाले. अंतिम हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात न्यूट्रिनोंच्या जातींची संख्या २.९८४० निघाली, अनिश्चिती ०.००८२. तीन ह्या पूर्णांकापासूनचे अंतर अनिश्चितीच्या जवळजवळ दुप्पट. असे अंतर योगायोगानेही पडू शकते. वीस वेळा मापन केले तर एखाद्या वेळी पडेलच. म्हणून कोणी डंका पिटला नाही. परंतु कोणी ते विसरलेही नाही. न्यूट्रिनो झेडशी अपेक्षेपेक्षा किंचित दुर्बलपणे बांधले गेले आहेत काय, त्यांच्यात एखाद्या अज्ञात जड कणाची भेसळ आहे काय, अशा कल्पना सैद्धांतिक लेखनात येत राहिल्या, आणि त्या प्रत्येक वेळी ह्या उणिवेचा दाखला दिला गेला.

उणीव होती ती पायलीत. २०१९ मध्ये वूत्सिनास, पेरेझ, डॅम व जानो ह्या चौघांनी एका दुर्लक्षित गोष्टीकडे लक्ष वेधले. इलेक्ट्रॉनांचा पुंजका पॉझिट्रॉनांच्या पुंजक्यातून जाताना एकेका कणाची गाठ एकेका कणाशीच पडत नाही. समोरच्या सबंध पुंजक्याचे विद्युत्चुंबकीय क्षेत्र त्यावर कार्य करीत असते. भाभा प्रकीर्णनातून लहान कोनात बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन ह्या क्षेत्रामुळे किंचित आत, शलाकेकडे ओढला जातो. काठाच्या जरा बाहेर पडावयाचा तो काठाच्या आत जातो आणि मोजणीतून सुटतो. भाभा कमी मोजले गेले, म्हणून दीप्ती सुमारे एक सहस्रांशाने कमी भरली. दीप्ती कमी भरली म्हणून झेडचे शिखर वाजवीपेक्षा उंच दिसले. आणि शिखर उंच, म्हणून न्यूट्रिनो कमी. दुरुस्तीनंतर संख्या २.९९१८ झाली. पुढच्याच वर्षी जानो व यादाख ह्यांनी भाभा प्रकीर्णनाचे सुधारलेले गणितही त्यात घातले, तेव्हा ती २.९९६३ वर आली, अनिश्चिती ०.००७४. तीनपासूनचे अंतर आता अनिश्चितीच्या निम्मेच उरले. ‘मापात पाप’ असे आपण म्हणतो, तेव्हा मोजणाऱ्याच्या हेतूवर बोट असते. येथे हेतू शुद्ध होता, कारागिरी अप्रतिम होती, आणि तरीही माप उणे होते.

एका पुंजक्याचे क्षेत्र दुसऱ्या पुंजक्यातील कणांवर परिणाम करते, ही गोष्ट काही २०१९ मध्ये प्रथमच समजली असे नाही. ह्याच क्षेत्रामुळे कण वाकतात आणि वाकताना फोटॉन उत्सर्जित करतात. पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले मुंबई विद्यापीठात अध्यापन करीत असताना त्यांनी मानुएल ड्रेस ह्यांच्यासह १९९१ मध्ये दाखवून दिले, की भविष्यातील अधिक ऊर्जेच्या यंत्रांत असे फोटॉनच एकमेकांवर आदळून इतर कणांचा एवढा गदारोळ माजवतील, की हवी ती घटना त्यात हरवून जाण्याचा धोका आहे. ह्या परिणामाचे फलित पुंजक्यांच्या आकारावर अवलंबून असते, म्हणून पुढील यंत्रांच्या आराखड्यांत त्यांच्या इशाऱ्याचा विचार करावा लागला. गोडबोले ऑक्टोबर २०२४ मध्ये निवर्तल्या; बहुतेक मृत्युलेखांत विज्ञानातील स्त्रियांसाठी त्यांनी केलेल्या कार्याचा गौरव सविस्तर होता आणि ह्या प्रबंधाचा उल्लेख ओझरता. भाभांच्या वाट्यास जे आले, त्याचीच ही दुसरी आवृत्ती. संस्था आणि चळवळी लोकांना दिसतात. काटछेदाचे सूत्र दिसत नाही.

भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. लेपच्या बोगद्यात आता प्रोटॉनांचे यंत्र आहे, आणि तेथे भाभा प्रकीर्णनाचे माप चालत नाही. जपानमधील त्सुकुबा येथील इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रावर मात्र ते चालू आहे, आणि तेथील बेल-२ प्रयोगात टाटा संस्थेच्या संशोधकांनी सिलिकॉनच्या अभिज्ञातकाचा एक थर बांधून दिला आहे. जिनीव्हाजवळच सुमारे ९१ किलोमीटर परिघाच्या नव्या कड्याचा विचार चालू असून त्याचा साध्यता-अहवाल मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीप्ती दहा हजारांत एक भाग इतक्या अचूकतेने मोजण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी पायलीचा आतला काठ एखाद-दोन मायक्रोमीटरपर्यंत जाणावा लागेल, आणि पुंजक्याच्या क्षेत्राची दुरुस्ती प्रारंभापासूनच हिशेबात धरावी लागेल. ताळा म्हणून आणखी एक घटना सुचविण्यात आली आहे: इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन नाश पावून दोन फोटॉन बाहेर पडतात ती. फोटॉनावर विद्युत्भार नसल्यामुळे समोरचा पुंजका त्याला आत ओढू शकत नाही. मात्र ही घटना भाभा प्रकीर्णनाच्या मानाने फारच विरळ आहे.